इंजेक्शनच्या आधी चार प्रश्न

किरणोपचारांनी प्रोस्टेटचा कर्करोग आटोक्यात आलेल्या माणसाचा पीएसए काही वर्षांनी पुन्हा वाढू लागला, की घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, ‘आता सगळे संपले.’ दुसरे, ‘लगेच इंजेक्शन सुरू करा.’ पहिले वाक्य बहुतेक वेळा खरे नसते. दुसरे काही रुग्णांसाठी अगदी बरोबर असते आणि काहींसाठी चूक. पण आपला रुग्ण यांपैकी कोणता, हे ठरण्याआधीच अनेकदा इंजेक्शन टोचलेले असते.

सरकारी रुग्णालयात फिजिशियन म्हणून काम करताना हे रुग्ण मला बहुधा दुसऱ्याच तक्रारीसाठी भेटतात. आटोक्यात असलेली साखर अचानक वाढते, साध्या पडण्याने खुब्याचे हाड मोडते, थकवा जात नाही, रात्री अंगातून वाफा निघाल्यासारखे होते. फाइल चाळली की दर तीन महिन्यांनी घेतलेल्या संप्रेरकविरोधी इंजेक्शनच्या नोंदी सापडतात. कशासाठी सुरू केले, असे विचारले तर उत्तर येते, ‘रक्तातला आकडा वाढला होता.’ किती वाढला होता, किती महिन्यांत वाढला, आजार शरीरात नेमका कुठे होता, यातले फारसे काही फाइलमध्ये नसते. इंजेक्शन घेणे चूक होते, असे मी म्हणत नाही. पण ते ठरवण्यासाठी लागणारी माहिती गोळाच झाली नव्हती, हे मात्र उघड असते.

मुंबई, पुणे, दिल्लीसारख्या शहरांच्या कर्करोग नोंदींमध्ये पुरुषांना होणाऱ्या पहिल्या काही कर्करोगांत आता प्रोस्टेटचा समावेश होतो. आयुर्मान वाढते आहे, किरणोपचाराची यंत्रे वाढत आहेत. त्यामुळे उपचारानंतर दहा-पंधरा वर्षे जगणारे पुरुषही वाढत आहेत आणि त्यांच्यातील काहींना आजार परतल्याला तोंड द्यावे लागणार आहे. अशा वेळी रुग्णाने आणि घरच्यांनी चार प्रश्न विचारायला हवेत. आजार खरोखरच परतला आहे का? तो किती वेगाने वाढतो आहे? तो कुठे आहे? आणि ज्याला तो झाला आहे, त्या माणसाची प्रकृती आणि इच्छा काय आहे? 

पहिला प्रश्न : आजार खरोखरच परतला आहे का?

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. पीएसए हे तिच्या पेशींनी तयार केलेले प्रथिन. निरोगी पेशीही ते तयार करतात, कर्करोगाच्या पेशीही करतात. शस्त्रक्रियेने संपूर्ण ग्रंथी काढली तर रक्तातील पीएसए जवळजवळ शून्यावर यायला हवा. किरणोपचारात मात्र ग्रंथी जागेवरच राहते. त्यामुळे पीएसए हळूहळू उतरतो, तळाला जायला दीड-दोन वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ घेतो आणि पूर्ण शून्य होईलच असे नसते.

हा तळाचा आकडा फार महत्त्वाचा. अमेरिकेतील फिनिक्स शहरात २००५ मध्ये झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ठरलेली व्याख्या आज जगभर वापरली जाते : तळाच्या आकड्यापेक्षा पीएसए २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरने वाढला, तर आजार परतला असे समजावे. म्हणजे एखाद्याचा पीएसए ०.४ पर्यंत उतरला असेल, तर २.४ ही त्याची रेषा. ०.४ चा ०.९ झाला म्हणून रात्रभर जागण्याचे कारण नाही. पुढची तपासणी मात्र वेळेवर करायची.

रेषेच्या अलीकडे पीएसए वाढण्याची इतर कारणेही असतात. किरणोपचारानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, विशेषतः ग्रंथीत किरणोत्सारी कण बसवण्याचा ब्रेकिथेरपी हा उपचार झाला असेल तर, पीएसए थोडा चढतो आणि आपोआप उतरतो. किरणोपचारांसोबत सहा महिने किंवा दोन वर्षे इंजेक्शने दिली असतील, तर ती थांबल्यावर पुरुषी संप्रेरक पूर्ववत होते आणि पीएसएही थोडा वर येतो. लघवीचा जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, नळी घालणे यांनीही आकडा हलतो. याउलट लघवीच्या तक्रारींसाठी दिली जाणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही औषधे काही महिन्यांत पीएसए साधारण निम्म्यावर आणतात. ती चालू असतील तर दिसणारा आकडा फसवा असू शकतो. डॉक्टरांना हे सांगणे रुग्णाचे काम आहे.

म्हणून एका अहवालावर निर्णय नको. तपासणी पुन्हा करावी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत.

दुसरा प्रश्न : वाढ किती वेगाने होते आहे?

पीएसए किती आहे, यापेक्षा तो दुप्पट व्हायला किती महिने लागतात हे बऱ्याचदा अधिक सांगून जाते. त्यासाठी काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या अंतराने घेतलेले किमान तीन आकडे लागतात. १ चा २ व्हायला दोन वर्षे लागली, तर आजार रेंगाळत चालला आहे. तेवढीच वाढ चार महिन्यांत झाली, तर तो धावतो आहे. उपचार संपल्यावर किती काळाने आकडा वाढला, हेही पाहायचे. दीड वर्षाच्या आत रेषा ओलांडली तर आजार आक्रमक असण्याची शक्यता जास्त. सहा-सात वर्षांनी ओलांडली तर तुलनेने कमी. मूळ बायोप्सीतील ग्लीसन श्रेणी हा तिसरा धागा. पेशी जितक्या बेशिस्त, तितका धोका जास्त.

या तीन गोष्टींवरून तज्ज्ञ रुग्णांची कमी धोका आणि जास्त धोका अशी विभागणी करतात. कमी धोक्याच्या गटातील अनेकांना केवळ पीएसए वाढला म्हणून पुढची कित्येक वर्षे कसलाही त्रास होत नाही. जास्त धोक्याच्या गटात मात्र वेळ दवडणे महागात पडते. या दोघांना एकच चिठ्ठी लिहून देणे योग्य कसे ठरेल?

तिसरा प्रश्न : आजार कुठे आहे?

पीएसए वाढतो म्हणजे कर्करोगाच्या पेशी कुठेतरी आहेत, एवढेच कळते. त्या प्रोस्टेटमध्येच असतील, ओटीपोटातील लसिका ग्रंथींमध्ये असतील, हाडांत असतील किंवा एकाहून अधिक ठिकाणी. पूर्वी हाडांचा स्कॅन आणि सीटी स्कॅन एवढीच साधने होती आणि पीएसए बराच वाढेपर्यंत त्यांत बहुधा काही दिसत नसे. ठिकाण कळत नसल्यामुळे सगळ्या शरीरावर काम करणारे इंजेक्शन हाच मार्ग उरत असे. आजची ‘आकडा वाढला की इंजेक्शन’ ही सवय त्या काळातून आलेली आहे.

आता परिस्थिती बदलली आहे. प्रोस्टेट कर्करोगाच्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात असते. त्याला चिकटणाऱ्या रेणूला गॅलियम-६८ सारखे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडून शिरेतून दिले, की पेट स्कॅनमध्ये काही मिलिमीटरच्या गाठीही चमकू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने गॅलियम-६८ वापरून होणाऱ्या या तपासणीला डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिली. भारतातील मोठ्या शहरांत ती आज उपलब्ध आहे. प्रोस्टेटमध्येच संशय असेल तर एमआरआय जोडीला घेतात. तिथे पुन्हा उपचार करायचे असतील तर त्याआधी बायोप्सी करून खात्री करणे आवश्यक असते. किरणोपचारानंतर पहिली दीड-दोन वर्षे मरू घातलेल्या पेशीही बायोप्सीत दिसू शकतात. त्यामुळे तिचा अर्थ अनुभवी पॅथॉलॉजिस्टने लावलेला बरा.

इथे क्रमाला महत्त्व आहे. संप्रेरकविरोधी इंजेक्शन एकदा सुरू झाले की पीएसए उतरतो, गाठी आकसतात, स्कॅनमधील खुणा पुसट होतात आणि बायोप्सी वाचणे अवघड होते. आजार गेलेला नसतो, पण तो कुठे होता हे शोधायची चांगली संधी हातची गेलेली असते. म्हणून रुग्णाला तातडीचा त्रास नसेल तर आधी तपासणी, मग इंजेक्शन.

चौथा प्रश्न : माणूस कसा आहे?

पंचावन्न वर्षांचा, रोज शेतावर जाणारा, दुसरा कोणताही आजार नसलेला पुरुष आणि बायपास झालेला, चालताना धाप लागणारा ब्याऐंशी वर्षांचा पुरुष यांचे पीएसए अगदी सारखे असले, तरी त्यांचे उपचार सारखे असू शकत नाहीत. पहिल्याला पुढची वीस वर्षे जगायचे आहे. आजार अजून ग्रंथीतच असेल तर तो मुळापासून काढण्याचा दुसरा प्रयत्न त्याच्यासाठी केला पाहिजे. दुसऱ्याच्या बाबतीत मंद वाढणारा कर्करोग त्याच्या आयुष्यात कधी त्रास देईलच असे नाही. उपचारांचा त्रास मात्र लगेच सुरू होईल. लघवीवरचा ताबा, लैंगिक संबंध, घरापासून रुग्णालयाचे अंतर, सोबत येणारे कोणी आहे का, हे सगळे या प्रश्नात येते. पन्नाशी-साठीचे पुरुष लैंगिक आयुष्याबद्दल मुलासमोर बोलत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी रुग्णाशी, आणि त्याला चालत असेल तर त्याच्या पत्नीशी, थोडा वेळ स्वतंत्रपणे बोलले पाहिजे.

आता पर्याय पाहू

या चार उत्तरांवरून पुढचा रस्ता ठरतो.

पहिला पर्याय लक्ष ठेवण्याचा. वाढ मंद असेल, वय जास्त असेल, इतर गंभीर आजार असतील, तर दर तीन ते सहा महिन्यांनी पीएसए पाहत राहणे हा पूर्णपणे शास्त्रीय निर्णय आहे. ‘डॉक्टर काहीच करत नाहीत’ असे नातेवाइकांना वाटते. पण मंद वाढ असलेल्यांत इंजेक्शन लवकर सुरू केल्याने आयुष्य नक्की वाढते, असा ठाम पुरावा मिळालेला नाही. इंजेक्शनचे दुष्परिणाम मात्र निश्चित आहेत.

दुसरा पर्याय ग्रंथीवर पुन्हा उपचार करण्याचा. आजार प्रोस्टेटमध्येच आहे हे स्कॅन आणि बायोप्सीने सिद्ध झाले, पीएसए फार वाढलेला नाही आणि पुढे किमान दहा वर्षे आयुष्य अपेक्षित आहे, अशा रुग्णांसाठी तो आहे. यात शस्त्रक्रियेने संपूर्ण ग्रंथी काढता येते. पण किरणांमुळे आजूबाजूच्या ऊती एकमेकींना चिकटलेल्या आणि कडक झालेल्या असतात. त्यामुळे ही शस्त्रक्रिया पहिल्या वेळच्या शस्त्रक्रियेपेक्षा बरीच अवघड असते. गुदाशयाला इजा होणे, मूत्रमार्ग आक्रसणे, लघवीवरचा ताबा जाणे यांचे प्रमाण जास्त असते आणि लैंगिक ताठरता टिकण्याची आशा फार कमी. ती मोजक्याच अनुभवी केंद्रांत व्हावी.

दुसऱ्यांदा किरणोपचार करता येत नाहीत, असे पूर्वी सरसकट सांगितले जाई. आता ते निवडक रुग्णांत करता येतात : ग्रंथीत किरणोत्सारी कण बसवून, तात्पुरत्या सुयांमधून जास्त मात्रा देऊन, किंवा बाहेरून अत्यंत नेमके मोजके डोस देणाऱ्या एसबीआरटी पद्धतीने. याशिवाय पेशी गोठवणारी क्रायोथेरपी आणि ध्वनिलहरींच्या उष्णतेने त्या जाळणारी हायफू या पद्धती आहेत.

यांपैकी उत्तम कोणती? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मास्टर’ या विश्लेषणात अशा उपचारांवरील दीडशे अभ्यास एकत्र तपासले गेले. पाच वर्षांनी आजार पुन्हा न दिसलेल्यांचे प्रमाण सर्व पद्धतींत साधारण ५० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान होते. शस्त्रक्रियेपेक्षा कोणतीही पद्धत स्पष्टपणे सरस किंवा कमी ठरली नाही. फरक दुष्परिणामांत होता. लघवीचे गंभीर त्रास शस्त्रक्रिया आणि हायफूनंतर वीस टक्क्यांहून अधिक रुग्णांना झाले. पुन्हा किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ४ ते ८ टक्के होते. हे अभ्यास वेगवेगळ्या काळातले आणि निवडक रुग्णांचे आहेत, पद्धतींची समोरासमोर चाचणी झालेली नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही दोन गोष्टी यातून कळतात. योग्य निवड झाली तर निम्म्या किंवा त्याहून जास्त रुग्णांना दुसऱ्या प्रयत्नात पाच वर्षांचा दिलासा मिळू शकतो. आणि शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला असेल, तर किरणोपचारतज्ज्ञांचेही मत घेतल्याशिवाय सही करू नये. याच्या उलटही तितकेच खरे.

तिसरा पर्याय मोजक्या गाठींवर नेमका उपचार करण्याचा. स्कॅनमध्ये ओटीपोटातील एक-दोन लसिका ग्रंथी किंवा हाडातील एखादा ठिपका एवढेच दिसले, तर त्यांना एसबीआरटी देता येते. बेल्जियममधील ‘स्टॉम्प’ या ६२ रुग्णांच्या छोट्या चाचणीत, तीनपर्यंत गाठी असलेल्या रुग्णांपैकी काहींवर नुसते लक्ष ठेवले आणि काहींच्या गाठींवर उपचार केले. संप्रेरकविरोधी उपचार सुरू करण्याची वेळ पहिल्या गटात सरासरी १३ महिन्यांनी आली, दुसऱ्यात २१ महिन्यांनी. म्हणजे इंजेक्शनविना काही महिने पदरात पडले. याने आजार कायमचा बरा होतो, असे मात्र कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

चौथा पर्याय म्हणजेच ते इंजेक्शन

प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो, हे शिकागोतील चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे संप्रेरक बंद करण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक, वृषण काढण्याची छोटी शस्त्रक्रिया. ती एकदाच होते, स्वस्त असते आणि तिचा परिणाम जलद होतो. दुसरा, मेंदूकडून वृषणाकडे जाणारा संदेश रोखणारी ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन अशी एक, तीन किंवा सहा महिन्यांनी घ्यायची इंजेक्शने. या इंजेक्शनांनी सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढते. म्हणून आजार मणक्यात असेल तर त्या काळात बायकॅल्युटामाइडसारख्या गोळीचे संरक्षण द्यावे लागते.

हा उपचार आजार पसरलेल्यांसाठी आणि वेगाने वाढणाऱ्यांसाठी अत्यंत उपयोगी आहे. त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र तो कर्करोग मुळातून काढत नाही, दाबून ठेवतो. किंमतही मोजायला लावतो : अंगातून वाफा, लैंगिक इच्छा जाणे, स्नायू घटून पोट वाढणे, मधुमेह, हाडे ठिसूळ होणे, उदासी, हृदयविकाराची वाढलेली जोखीम.

हे त्रास कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे उपचार थांबून थांबून घेणे. किरणोपचारानंतर पीएसए वाढलेल्या १,३८६ पुरुषांवरील मोठी चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना औषध सतत दिले. इतरांना आठ महिने देऊन थांबवले आणि पीएसए १० च्या वर गेल्यावर पुन्हा सुरू केले. सरासरी आयुष्य सतत औषध घेणाऱ्यांत ९.१ वर्षे आणि थांबून घेणाऱ्यांत ८.८ वर्षे होते. म्हणजे थांबून घेतल्याने उपचार कमी पडला नाही. शिवाय अंगातील वाफा, लैंगिक इच्छा, लघवीच्या तक्रारी या बाबतींत थांबून घेणारे बरे राहिले. आजार दूर पसरलेला नसेल तर आपल्या डॉक्टरांना ‘मला मध्ये थांबता येईल का?’ असे विचारायला कोणी संकोच करू नये. वृषण काढण्याची शस्त्रक्रिया करण्याआधीही हा विचार हवा, कारण त्यानंतर थांबण्याची सोय उरत नाही. ज्यांचा आजार पसरला आहे आणि ज्यांना दर तीन महिन्यांनी शहरात येणे परवडत नाही, त्यांच्यासाठी मात्र ती आजही चांगला पर्याय आहे. तिला कमीपणाची समजू नये.

वेगाने वाढणाऱ्या आजारात इंजेक्शनला जोड द्यावी लागते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एम्बार्क’ चाचणीत नऊ महिन्यांत किंवा त्याआधी पीएसए दुप्पट होणाऱ्या, पण साध्या स्कॅनमध्ये आजार पसरलेला न दिसलेल्या १,०६८ रुग्णांचा समावेश होता. पाच वर्षांनी, आजार दूर न पसरता जिवंत असलेल्यांचे प्रमाण ल्युप्रोलाइड आणि एन्झाल्युटामाइड गोळ्या एकत्र घेणाऱ्यांत ८७ टक्के, केवळ गोळ्या घेणाऱ्यांत ८० टक्के आणि केवळ ल्युप्रोलाइड घेणाऱ्यांत ७१ टक्के होते. इथेही सुमारे नऊ महिन्यांनी पीएसए ०.२ च्या खाली असेल तर औषधे थांबवली जात होती. एन्झाल्युटामाइडच्या जेनेरिक गोळ्या भारतात मिळतात. थकवा, रक्तदाब वाढणे, तोल जाऊन पडणे हे तिचे त्रास वयस्कांत जपून पाहावे लागतात.

आजार हाडांत किंवा इतर अवयवांत पसरला तरी रस्ता बंद होत नाही. ॲबिरॅटेरोन, डोसिटॅक्सेल, काही जनुकीय दोष असलेल्यांसाठी ओलापॅरिब आणि पीएसएमएलाच चिकटून आतून किरणे देणारे ल्युटेशियम-१७७ असे उपचार आज आहेत. हे ल्युटेशियम मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही तयार होते.

इंजेक्शन सुरू झाले असेल तर

माझ्यासारख्या फिजिशियनचे आणि गावातील फॅमिली डॉक्टरांचे काम इथे सुरू होते. सुरुवातीलाच रक्तशर्करा, चरबी, रक्तदाब आणि हाडांची घनता तपासावी. कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. तंबाखू बंद. रोज चालणे आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा स्नायूंना ताण देणारा व्यायाम हा या उपचाराचाच भाग समजावा. पाण्याच्या बाटल्या उचलणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे एवढ्यानेही सुरुवात होते. उदासी, चिडचिड ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नये. आणि हा लेख वाचून चालू असलेले इंजेक्शन कोणीही स्वतःहून बंद करू नये.

एक धोक्याची सूचना. आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या पुरुषाला नवी, रात्री वाढणारी पाठदुखी सुरू झाली, पाय जड पडू लागले, लघवी-संडासवरचा ताबा जाऊ लागला, तर मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो. पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

व्यवस्थेने काय करायचे?

रुग्णाने प्रश्न विचारायचे, हे ठीक. पण उत्तर मिळण्याची सोयही हवी. पेट स्कॅनची यंत्रे मोठ्या शहरांत एकवटली आहेत. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला त्यासाठी प्रवास, मुक्काम आणि सोबत्याची बुडालेली मजुरी असा खर्च येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने कर्करोगाचे अनेक उपचार गरिबांच्या आवाक्यात आणले, ही मोठी गोष्ट आहे. मात्र उपचार ठरवणाऱ्या महाग तपासणीचा भार अनेकदा कुटुंबावरच पडतो. इंजेक्शनला पैसे मिळतात आणि ते हवे की नको हे सांगणाऱ्या स्कॅनला मिळत नाहीत, अशी स्थिती असेल तर डॉक्टरांचा हात इंजेक्शनकडेच वळणार. त्यात वर्षानुवर्षे चालणाऱ्या औषधाचा, मोडलेल्या हाडांचा आणि वाढलेल्या मधुमेहाचा खर्च शेवटी सरकारवरच येतो. किरणोपचारानंतर आजार परतलेल्या, निकषांत बसणाऱ्या रुग्णांसाठी पीएसएमए पेट स्कॅनचा खर्च योजनेतूनच पूर्ण भागवला गेला पाहिजे.

दुसरी गरज एकत्र बसून निर्णय घेण्याची. यूरोलॉजिस्ट, किरणोपचारतज्ज्ञ, मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट आणि स्कॅन वाचणारे तज्ज्ञ एकाच टेबलाभोवती असले, की रुग्ण पहिल्यांदा कोणाच्या दारात गेला यावर त्याचा उपचार ठरत नाही. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमधून देशभरातील केंद्रे जोडली गेली आहेत आणि ऑनलाइन ट्यूमर बोर्डही चालतात. जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील अशा रुग्णांची फाइल त्या टेबलावर पोहोचवणे हे काही कोटींचे काम नाही. त्यासाठी एक ठरलेला दिवस आणि एक जबाबदार माणूस लागतो.

तोवर रुग्णांनी आपल्या परीने एक काम करावे. किरणोपचार झालेल्या प्रत्येकाने वहीच्या एका पानावर पीएसएची तारीख आणि आकडा ओळीने लिहून ठेवावा. शेजारी किरणोपचार कधी संपले, किती मात्रा दिली, इंजेक्शने कोणती आणि कधीपर्यंत घेतली, मूळ ग्लीसन श्रेणी किती, हे लिहावे. ही माहिती उपचार झालेल्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डवर असते. नसेल तर मागून घ्यावी. बरे वाटते म्हणून तपासणी सोडू नये, कारण आजार परतल्याचे पहिले लक्षण दुखणे नसून हा आकडाच असतो. तो वाढला तर हे पान घेऊन जा आणि इंजेक्शनची चिठ्ठी हातात पडण्याआधी चारही प्रश्न विचारा. चांगला डॉक्टर त्याने नाराज होत नाही. त्याचे काम उलट सोपे होते.